बुरशीजन्य रोगांचे निदान : रक्ततपासणीचे सामर्थ्य आणि मर्यादा

वऱ्हाडातील शेतकऱ्याला बुरशीची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तुरीवरील मर, ज्वारीवरील काणी, गव्हावरील तांबेरा हे सारे बुरशीचेच प्रताप होत. उभी तूर एकाएकी वाळू लागली की जाणता शेतकरी झाड उपटतो, खोड उभे चिरतो आणि आत तपकिरी-काळसर रेषा दिसतात का, ते पाहतो. वावरातील मातीचा नमुना तो तपासणीला जरूर पाठवील. पण मर रोगाचा निर्णय तो त्या चिरलेल्या खोडावरूनच करील. रोग जेथे आहे तेथे पाहावे, हे साधे शहाणपण त्यात आहे.

माणसाच्या शरीरातील बुरशीबाबत मात्र या शहाणपणाचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. ताप उतरत नाही, गालावर सूज आली, डोळा लाल झाला किंवा अंगावर चट्टे उठले, की पहिली मागणी होते ती ‘रक्त तपासा’ अशी. रक्त तपासले आणि ‘काही निघाले नाही’ असे कागदावर आले की घरची मंडळी निश्चिंत होतात. काही रोगांत ही निश्चिंतता योग्य ठरते. काहींत ती रुग्णाच्या डोळ्यावर, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून रक्ताच्या कोणत्या तपासणीने कोणती बुरशी ओळखता येते व कोणती ओळखता येत नाही, हे ज्ञान केवळ डॉक्टरांपुरते राहून चालणार नाही. गावात रुग्णाची विचारपूस प्रथम होते ती शिक्षक, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आशा स्वयंसेविका यांच्याकडून. त्यांच्या एका योग्य सल्ल्याने रुग्णाचे अनेक दिवस वाचू शकतात. त्या दृष्टीने या विषयाची मूलभूत माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

२०२१ सालचा धडा

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट राज्यात ज्या भागांत प्रथम जाणवली, त्यांत वऱ्हाडचा समावेश होता. अमरावती शहर व अचलपूर येथे २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागू करण्यात आली. अकोला जिल्ह्यातही कडक निर्बंध घालण्यात आले. ही लाट पुढे देशभर पसरली आणि तिच्या पाठोपाठ एक निराळेच संकट आले. कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांच्या चेहऱ्याची एक बाजू दुखू लागली, नाकातून काळसर स्राव येऊ लागला, दात हलू लागले, डोळा सुजून दृष्टी अंधुक झाली. हा म्युकरमायकोसिस. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले. वास्तविक ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, त्यामुळे रक्तपुरवठा तुटलेला भाग मरतो व काळा पडतो.

केंद्र शासनाने २० मे २०२१ रोजी हा रोग ‘नोंद करणे बंधनकारक’ अशा रोगांच्या यादीत घेण्याची सूचना राज्यांना दिली. महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात त्याच्या उपचाराचा समावेश महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केला. या रोगावरील अँफोटेरिसिन-बी या औषधाची देशभर टंचाई भासू लागली, तेव्हा विदर्भातच, वर्धा येथील एका कारखान्यात मे महिन्याच्या अखेरीस त्याचे उत्पादन सुरू झाले. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी २८ जून २०२१ रोजी दिलेल्या माहितीनुसार तोपर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती व त्यांपैकी ३,१२९ जण दगावले होते. रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्के जणांना मधुमेह होता, तर निम्म्याहून अधिक जणांना स्टेरॉईड औषधे देण्यात आली होती.

या रोगात शस्त्रक्रिया व औषध जितक्या लवकर, तितका डोळा व जीव वाचण्याचा संभव अधिक. एकेका दिवसाला मोल असते. आणि नेमक्या याच रोगात, बुरशी शोधण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या रक्तचाचण्या निरुपयोगी ठरतात. असे का होते हे समजण्यासाठी बुरशीची घडण पाहिली पाहिजे.

बुरशीची घडण आणि शोधाच्या तीन वाटा

बुरशी ही धड वनस्पती नव्हे आणि जंतूही नव्हे. सजीवांत तिचे स्वतंत्र राज्य आहे. काही बुरशी धाग्यांच्या जाळ्यासारख्या वाढतात, तर काही यीस्टप्रमाणे एकपेशीय असतात. प्रत्येक पेशीभोवती एक टणक भिंत असते. मानवी पेशीला अशी भिंत नसते. ही भिंत कायटिन, ग्लुकन, मॅनन अशा पदार्थांची बनलेली असते व निरनिराळ्या बुरशींत त्यांचे प्रमाण निरनिराळे असते. या भिंतीचे तुकडे झडून रक्तात उतरले तर ते बाहेरून आलेले आहेत हे ओळखता येते. बहुतेक आधुनिक रक्तचाचण्यांचा पाया हाच आहे.

रक्तात बुरशीचा शोध मुख्यतः तीन प्रकारे घेतला जातो. पहिला, जिवंत बुरशी रक्तातून वाढवून पाहणे, म्हणजेच रक्तसंवर्धन किंवा ब्लड कल्चर. दुसरा, बुरशीचे सुटे झालेले अंश, म्हणजेच प्रतिजन शोधणे. तिसरा, बुरशीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजणे. त्यांत अलीकडे पीसीआर पद्धतीने बुरशीचे जनुकीय द्रव्य शोधण्याची भर पडली आहे. प्रत्येक वाट वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. चुकीचा प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर असूनही दिशाभूल होते.

रक्तसंवर्धन : जिवंत बुरशीचा शोध

अतिदक्षता विभागातील रुग्ण, अपुऱ्या दिवसांची बालके, दीर्घकाळ शिरेत नळी असलेले वा कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण यांच्या रक्तात कॅन्डिडा नावाची यीस्ट शिरण्याचा धोका असतो. अशा वेळी रक्तसंवर्धन ही पहिली चाचणी होय. प्रौढ रुग्णाचे साधारण ८ ते १० मिलिलिटर रक्त एका बाटलीत, याप्रमाणे एकाहून अधिक बाटल्यांत घेऊन त्या उबदार पेटीत ठेवतात. बुरशी वाढली तर बहुधा दोन-तीन दिवसांत कळते. सामान्यतः पाच दिवस वाट पाहिली जाते. या चाचणीचा मोठा लाभ असा की, बुरशीची नेमकी जात आणि तिच्यावर कोणते औषध लागू पडेल हे दोन्ही समजते. कॅन्डिडा ऑरिस ही २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णिलेली जात अनेक औषधांना दाद देत नाही. तिच्या बाबतीत ही माहिती निर्णायक ठरते.

तथापि, शरीरात कॅन्डिडा खोलवर पसरली असतानाही रक्तसंवर्धनात ती सुमारे निम्म्या रुग्णांतच सापडते. फुप्फुसातील ॲस्परजिलस आणि म्युकर या धाग्यांच्या बुरशी तर रक्तसंवर्धनात क्वचितच वाढतात. म्हणून ‘कल्चर निरंक’ या दोन शब्दांनी बुरशीची शक्यता संपत नाही. औषध सुरू होण्यापूर्वी, पुरेसे व एकाहून अधिक वेळा रक्त घेतले तरच या चाचणीला अर्थ राहतो.

प्रतिजन चाचण्या : भिंतीच्या खुणा

बीटा-डी-ग्लुकन चाचणी अनेक प्रकारच्या बुरशींच्या भिंतीतील एक समान घटक शोधते. तिची कथा मोठी रंजक आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक समुद्री प्राणी आहे. त्याच्या गणगोतातील जाती ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावरही आढळतात. या प्राण्याचे रक्त निळसर असते आणि त्याच्या रक्तपेशींतील द्रव्य ग्लुकनचा अत्यल्प अंश लागताच गोठू लागते. याच गुणाचा उपयोग करून ही चाचणी तयार झाली. कॅन्डिडा, ॲस्परजिलस, तसेच एचआयव्हीग्रस्तांच्या फुप्फुसात वाढणारी न्यूमोसिस्टिस यांचा सुगावा तिच्यामुळे लागतो. बुरशी आहे असे ती सुचविते. कोणती, ते सांगत नाही. डायलिसिसचे काही पडदे, शस्त्रक्रियेतील जाळीदार कापड, रक्तापासून बनविलेली काही औषधे यांमुळेही ती खोटी होकारार्थी येऊ शकते. त्यामुळे तिचा खरा उपयोग नकारार्थी उत्तरासाठी अधिक होतो. धोक्यातील रुग्णात ती वारंवार नकारार्थी आली तर कॅन्डिडाची शक्यता बरीच कमी होते व महागडी औषधे थांबविण्याचा विचार करता येतो.

गॅलॅक्टोमॅनन चाचणी प्रामुख्याने ॲस्परजिलस या बुरशीसाठी आहे. कडबा, कुटार, कुजणारा पालापाचोळा, ओलसर धान्य यांवर ही बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू आपण सर्वच जण श्वासावाटे घेत असतो. निरोगी माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी अतिशय कमी झालेल्या रुग्णात मात्र ती फुप्फुस पोखरते. अशा रुग्णात रक्तातील ही चाचणी चांगली उपयोगी पडते. पांढऱ्या पेशी पुरेशा असलेल्या रुग्णात बुरशीचे अंश रक्तात पोचण्यापूर्वीच नष्ट होतात. अशा वेळी दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात हीच चाचणी केल्यास उत्तर अधिक विश्वसनीय मिळते. एकाच चाचणीचे मोल नमुना बदलला की कसे बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

क्रिप्टोकॉकस प्रतिजन चाचणी ही या साऱ्यांत ग्रामीण भागाच्या दृष्टीने सर्वांत आश्वासक म्हणावी लागेल. क्रिप्टोकॉकस ही यीस्ट कबुतरांच्या विष्ठेत व मातीत आढळते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या व्यक्तीत ती मेंदूच्या आवरणाला सूज आणते. उपचार न झाल्यास मृत्यू जवळजवळ अटळ असतो. परंतु या बुरशीचे आवरण झडून त्याचे अंश, डोकेदुखी सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच रक्तात येतात. गर्भधारणेच्या चाचणीपट्टीसारखी एक साधी पट्टी रक्तजलाच्या थेंबात बुडविली असता सुमारे दहा मिनिटांत उत्तर मिळते आणि ते बहुतांशी अचूक असते. तिला मोठे यंत्र लागत नाही. एचआयव्हीबाधित प्रौढाची सीडी-४ पेशींची संख्या १०० च्या खाली असल्यास लक्षणे नसतानाही ही चाचणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; २०० च्या खालीही ती करण्याचा विचार करावा, असे संघटना सुचविते. चाचणी होकारार्थी आली तर पाठीच्या कण्यातील द्रव तपासून, मेंदूपर्यंत रोग पोचण्यापूर्वीच औषध देता येते. रक्ताच्या एका थेंबाने प्राण वाचविण्याचे इतके स्पष्ट उदाहरण बुरशीजन्य रोगांत दुसरे नाही.

प्रतिपिंडे : क्षयासारखा दिसणारा रोग

क्षयरोगाचा पूर्ण उपचार घेऊनही काही रुग्णांचा खोकला थांबत नाही, वजन घटत राहते, थुंकीतून रक्त पडते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत. तरीही ‘क्षय पुन्हा उलटला’ असे समजून तीच औषधे पुन्हा सुरू केली जातात. यांपैकी काही रुग्णांत क्षयाने फुप्फुसात पाडलेल्या पोकळीत ॲस्परजिलस घर करून बसलेली असते. अशा जुनाट रोगात शरीर या बुरशीविरुद्ध आयजीजी प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणावर तयार करते आणि ती रक्तात मोजता येतात. छातीचे छायाचित्र, तीन महिन्यांहून अधिक काळची लक्षणे आणि ही रक्तचाचणी यांचा मेळ घातला तर निदान होते व रुग्णाची अकारण क्षयाच्या औषधांतून सुटका होते. क्षयनिर्मूलनाच्या कामात असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने ही शक्यता ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

दम्याच्या काही रुग्णांना ॲस्परजिलसची तीव्र ॲलर्जी असते. नेहमीच्या औषधांनी दमा आटोक्यात येत नसल्यास रक्तातील आयजीई प्रतिपिंडांची चाचणी उपयुक्त ठरते. मात्र प्रतिपिंडे तयार करण्यासाठी शरीरात शक्ती असावी लागते. ज्याची प्रतिकारशक्तीच खचली आहे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे न सापडणे हा रोग नसल्याचा पुरावा नव्हे.

जेथे रक्त बोलत नाही

आता म्युकरमायकोसिसकडे वळू. म्युकर कुळातील बुरशीच्या भिंतीत बीटा-डी-ग्लुकन इतके अल्प असते की चाचणीला ते जाणवत नाही, आणि गॅलॅक्टोमॅनन तर नसतेच. परिणामी रुग्णाच्या नाकातून डोळ्याकडे बुरशी सरकत असतानाही या दोन्ही चाचण्या निर्दोष येतात. रक्तातील म्युकरचे जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी विकसित झाली आहे. परंतु ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते. येथे खरा उपाय आहे तो शेतकऱ्याचाच : खोड चिरून पाहणे. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाकाच्या आत पाहतात, संशयित जागेचा लहानसा तुकडा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो.

या तपासणीला लागणारे साहित्य अत्यंत साधे आहे. काचपट्टीवर नमुना ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचे १० ते २० टक्के द्रावण टाकतात. या द्रावणाने मानवी पेशी विरघळतात. बुरशीची टणक भिंत मात्र शाबूत राहते. थोड्याच वेळात बुरशीचे धागे स्पष्ट दिसू लागतात. धागे रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटलेले आणि आडपडदे क्वचितच असलेले दिसले तर म्युकर. बारीक, आडपडद्यांचे व लघुकोनात फुटलेले दिसले तर ॲस्परजिलस, असा प्राथमिक अंदाज तेथल्या तेथे बांधता येतो. पुढील खात्री ऊतीच्या तपासणीने व संवर्धनाने होते. नमुना पाठविताना एक दक्षता घ्यावी लागते. ऊतीच्या तपासणीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवावा. संवर्धनाचा तुकडा मात्र निर्जंतुक सलाईनमध्येच ठेवावा, कारण फॉर्मेलिनने बुरशी मरते आणि मग काहीच वाढत नाही.

डोळ्याच्या बाबतीत हाच नियम आहे. तूर कापताना, पऱ्हाट्या उपटताना किंवा मळणी यंत्रासमोर काम करताना काडी वा कुसळ डोळ्यात जाणे वऱ्हाडात नित्याचे आहे. त्या लहानशा जखमेतून बुरशी बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात शिरते. डोळा दुखतो, पाणी गळते आणि पांढरट ठिपका दिसू लागतो. योग्य उपचार न झाल्यास डोळ्यात कायमचे फूल पडते. येथे रक्ताची कोणतीही तपासणी निदान करू शकत नाही. नेत्रतज्ज्ञाने त्या जखमेचा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला पाहिजे. दुकानातून स्वतःहून आणलेल्या स्टेरॉईडयुक्त थेंबांनी लाली तात्पुरती कमी होते, पण बुरशी मोकाट वाढते. एरंडेल, मध असे घरगुती पदार्थ अशा डोळ्यात मुळीच घालू नयेत.

गजकर्ण किंवा नायटा हा तर घरोघरचा रोग. त्यासाठीही निदानार्थ रक्त काढण्याची गरज नसते. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून त्याच द्रावणात पाहिला की पुरे. अलीकडे औषधांना सहजी न जुमानणारा नायटा देशभर वाढला आहे. स्टेरॉईड मिसळलेली मलमे मनाने लावण्याची सवय त्याला हातभार लावते. तथापि प्रत्येक चट्टा बुरशीचा नसतो. खाज नसलेला, फिकट आणि स्पर्श न कळणारा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीत उभारलेल्या तपोवनामुळे या रोगाबद्दलची जाण येथील समाजात पूर्वीपासून आहे. अशा चट्ट्याचा संशय येताच रुग्णाला आरोग्य केंद्रात न्यावे.

सूक्ष्मदर्शकाने बुरशीचा रोग ओळखण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पायाला सूज येऊन त्यातून काळे कण बाहेर पडणारा ‘मदुरा पाय’ हा रोग अनवाणी शेतात वावरणाऱ्यांचा. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हेन्री व्हॅनडाईक कार्टर यांनी १८६० साली हे कण तपासून तो बुरशीचा रोग असल्याचे दाखविले आणि त्याला मायसेटोमा हे नाव दिले. प्रतिजन, प्रतिपिंड हे शब्दही जन्माला आले नव्हते, त्या काळी केवळ रोगाच्या जागेचा कण आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर हे निदान झाले.

एक साधी, पण मोलाची रक्ततपासणी

याचा अर्थ रक्ततपासणी निरर्थक आहे असा नव्हे. म्युकरमायकोसिसच्या संदर्भात गावपातळीवर सर्वांत उपयोगी रक्ततपासणी आहे ती साखरेची. ती बुरशी दाखवीत नाही. बुरशी कोणाला धरू शकते ते दाखविते. अनियंत्रित मधुमेहात, विशेषतः रक्तातील आम्लता वाढली असता, या बुरशीला अनुकूल भूमी मिळते. मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्याची एक बाजू दुखणे, बधिर होणे, नाकातून काळा स्राव, टाळूवर काळा डाग, एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचविले पाहिजे. कोविडची साथ ओसरली तरी मधुमेह ओसरलेला नाही. म्हणून हा धोकाही संपलेला नाही.

जिल्ह्यात काय करता येईल

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये आरोग्यास विशेष घातक अशा १९ बुरशींची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. एप्रिल २०२५ मध्ये बुरशींच्या चाचण्यांचा आढावा घेताना संघटनेने एका उणिवेकडे लक्ष वेधले. अनेक चाचण्या उपलब्ध असल्या तरी त्यांना सुसज्ज प्रयोगशाळा व प्रशिक्षित मनुष्यबळ लागते आणि म्हणून त्या लहान ठिकाणच्या रुग्णापर्यंत पोचत नाहीत. ही अडचण मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याच्या रुग्णाला जितकी लागू आहे, तितकीच अकोट वा मूर्तिजापूरच्या रुग्णाला.

ही दरी भरून काढण्यास आपल्याकडे आधार मात्र आहेत. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय लोक अजूनही ‘इर्विन’ या नावानेच ओळखतात. अकोल्यात २००२ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे. २०२० साली कोविडच्या निमित्ताने अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. एखाद्या विद्यापीठाची प्रयोगशाळा प्रसंगी जनतेच्या आरोग्यासाठी कशी राबू शकते, हे त्या वेळी दिसून आले. आवश्यक संच, प्रशिक्षण व गुणवत्तेची पडताळणी यांची जोड दिल्यास अशा यंत्रसामग्रीचा उपयोग बुरशीच्या निदानासाठीही करता येण्यासारखा आहे. ग्रामीण भागात हिवतापाच्या काचपट्ट्या तपासणाऱ्या तंत्रज्ञालाच द्रावणात बुरशी पाहण्याचे प्रशिक्षण दिले, तर निदानाची पहिली पायरी रुग्णाच्या दाराशी येईल. त्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. लागते ती योजना आणि सातत्य.

शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. ‘बुरशीची रक्ततपासणी’ अशी एकच तपासणी अस्तित्वात नाही. प्रत्येक चाचणी ठराविक बुरशीसाठी व ठराविक रुग्णासाठी असते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी.

२. रक्ताचा अहवाल निर्दोष आला तरी लक्षणे वाढत असल्यास रुग्णाला पुन्हा, आणि शक्य तर तज्ज्ञाकडे पाठवावे.

३. डोळ्यात काडी-कुसळ गेल्यावर दुखणे थांबले नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ गाठावा. मळणीच्या हंगामात चष्मा वापरण्याचा प्रचार ग्रामसभेतून करावा.

४. क्षयाचे औषध पूर्ण करूनही खोकला व रक्त थांबत नसेल, तर बुरशीचीही तपासणी करावी लागेल का, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे.

५. एचआयव्हीबाधितांनी एआरटी केंद्रातील तपासण्या चुकवू नयेत. डोकेदुखी व ताप अंगावर काढू नये.

६. मधुमेहींची साखर नियमित तपासली जावी. शाळांतून विद्यार्थ्यांना नायट्याविषयी माहिती द्यावी आणि मनाने मलम लावण्याच्या सवयीपासून त्यांना परावृत्त करावे.

पिकावरील बुरशीशी झुंजण्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांनी बीजप्रक्रियेचे तंत्र गावोगावी पोचविले. पेरणीपूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणारा शेतकरी आज बुरशीचे शास्त्र आपल्या परीने जाणतो. माणसाच्या आरोग्याबाबतही हीच जाण निर्माण झाली पाहिजे. प्रयोगशाळेचा कागद हा निदानाचा साहाय्यक आहे. तो निदानाची जागा घेऊ शकत नाही. योग्य रुग्णाचा, योग्य जागेचा नमुना, योग्य वेळी तपासला गेला, तर एक थेंब रक्त किंवा चिमूटभर खरवडाही एखाद्या कुटुंबाचा कर्ता माणूस वाचवू शकतो. ही वेळ साधण्याचे काम रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही; ते गावात, रुग्णाच्या ओसरीवर सुरू होते.